उलटं आलेलं घर

माझ्या मुलीच्या फोनमध्ये एक ॲप आहे. रोज सकाळी शाळेला निघताना ती त्यावर बोट टेकवते, मग रून नावाच्या जुन्या युरोपी लिपीतलं एक कोनाकोनाचं अक्षर वर येतं आणि त्याखाली त्याचा अर्थ. परवा ऑकलंडमध्ये, फ्लॅट बुशातल्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढत होते, तर मागच्या सीटवरून आनंदाने घोषणा झाली, "ममा, टुडेज रून इज हेल, लाइक हेलस्टोन्स, गारा! मीन्स डिस्ट्रक्शन. स्वीट ॲज!"

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"इट्स जस्ट अ मीनिंग, ममा."

तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. आणि तिचं तसं बरोबरच आहे. अर्थ तो अर्थ, त्याला घाबरायचं काय? पण मी घाबरणाऱ्या घरातून आले. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं मीठसुद्धा संपत नाही, तेही वाढतं. घरातून निघताना 'जाते' म्हटलं की आई जिन्यावरून परत बोलवायची आणि 'येते' म्हणायला लावायची. घराची वास्तू सगळं ऐकत असते आणि प्रत्येक शब्दाला तथास्तु म्हणते, असं तिचं ठाम मत. मला लहानपणी वाटायचं, ही वास्तू फारच बिनडोक असणार. चांगलं काय, वाईट काय, काही कळत नाही, नुसती मान डोलावते. पण सवय लागली ती लागलीच.

त्याच सवयीपायी मी एका म्हाताऱ्या बाईंना जवळजवळ वर्षभर खोटं वाचून दाखवलं. गारांचं ते अक्षर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, सफरचंदाच्या लाकडाच्या एका चकतीवर. मुलीला हे अजून सांगितलेलं नाही. इथे लिहून टाकते.

तेव्हा मी क्राइस्टचर्चला मास्टर्स करत होते. पुण्याहून येऊन तीन-चार महिने झाले होते. चार मुलींच्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि तिथल्या फ्रिजवरून होणाऱ्या भांडणांना इतकी विटले होते की कुठेही जायला तयार होते. एक दिवस रिकार्टनच्या इंडियन दुकानात पोहे घ्यायला गेले, तर काउंटरजवळच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. जाड पेनने लिहिलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. खोली आहे. शांत मुलगी हवी. मोठ्याने वाचता आलं पाहिजे.

"वो इलायचीवाली आंटी का घर है," दुकानदार म्हणाला. "जाओ, अच्छी है. बस, चिल्लाती बहुत है."

त्या दुकानात आम्ही सगळे देशी मिळून जेवढे वेलदोडे नेत नसू, तेवढे ही एकटी गोरी बाई नेते, हेही त्याने सांगितलं. मला कुतूहल वाटलं. मी त्याच संध्याकाळी गेले.

बाईंचं वय तेव्हा ब्याऐंशी. तीस वर्षं त्यांनी शाळकरी मुलांना पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा. दार उघडताच ओरडल्या, "बूट काढू नकोस, फरशी बर्फ आहे नुसती!" मला नावानेच हाक मार, म्हणाल्या. आता आईपेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. पहिला महिना मी नुसत्या 'एक्सक्यूज मी'वर काढला. मनातल्या मनात मात्र शाळेतल्या शिक्षिकांना म्हणतो तसं 'बाई' म्हणायचे, आणि एकदा ते तोंडातून बाहेर पडलंच. त्यांनी अर्थ विचारला. टीचर, मी म्हटलं. "ते चालेल," म्हणाल्या. पुढे फोनवर मी 'बाई' अशी हाक मारली की त्यांना वाटायचं, ही 'बाय' म्हणून फोन ठेवतेय. दोनदा तर त्यांनी खरंच फोन ठेवला.

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध अंधार साचत चालला होता. कडेचं थोडंफार दिसायचं, समोरचं नाही. माझ्याकडे बघायचं असलं की त्या मान वळवून खिडकीकडे बघायच्या. नव्या माणसाला वाटावं, यांचं आपल्याकडे लक्षच नाही. माणसांचे चेहरे गेले होते, छापील अक्षर तर केव्हाच गेलं होतं. म्हणून चिठ्ठीतली ती अट. भाडं बेताचं आणि रोज अर्धा तास वाचन. पेपर, पत्रं, लायब्ररीतलं एखादं पुस्तक. आणि रविवारी सकाळी चहा झाला की ती कापडी पिशवी.

बाईंचे पणजोबा डेन्मार्कहून आले होते, उत्तर बेटावरच्या जंगलात झाडं तोडायला. त्यांच्यामागे घराण्यात दोनच गोष्टी उरल्या. एक, वेलदोडे घातलेले गोड पाव. दुसरी, कशाचा ते नीट माहीत नसलेला अभिमान. पिशवीतल्या चकत्या मात्र पणजोबांच्या नव्हत्या. मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड एका वादळात पडलं, तेव्हा बाईंच्या नवऱ्याने त्याच्या फांद्या कापून त्या केल्या होत्या. चोवीस चकत्या, प्रत्येकीवर चाकूने खोल कोरलेलं एक अक्षर. आणि एक वही, तिच्यात त्याने इकडून तिकडून उतरवून घेतलेले अर्थ. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. वही बाईंना वाचता येत नव्हती. ती वाचणं हे माझं रविवारचं काम.

"हे सगळं फार प्राचीन आहे अशी समजूत करून घेऊ नकोस," बाईंनी पहिल्याच रविवारी बजावलं. "अक्षरं जुनी आहेत. अर्थ जुन्या कवनांमधून आलेत. पण ते लोक भविष्य कसं बघायचे, ते कोणालाच धड माहीत नाही. हे पिशवीत हात घालणं वगैरे अलीकडच्या पुस्तकवाल्यांचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तरी पेपरातल्या राशींपेक्षा बरं. इथे निदान डोकं चालवावं लागतं."

मला ती अक्षरं आवडली. एकही गोलाई नाही, एकही आडवी रेघ नाही. बाई म्हणाल्या, ती मुळात लाकडी पट्टीवर कोरायची अक्षरं. लाकडाच्या शिरा जिकडे धावतात, तिकडेच रेघ कोरली तर ती त्यांत हरवते, म्हणून सगळ्या रेघा उभ्या नाहीतर तिरक्या. मी शेगडीच्या सरपणातली एक ढलपी घेऊन त्यावर 'आई' कोरायला बसले, तर शिरोरेषाच लाकडात गडप झाली. "आमचं तर सगळं लिखाणच आडव्या रेघेला टांगलेलं असतं," मी म्हटलं. "मग तुमचे लोक लाकडावर लिहीत नसणार," बाई म्हणाल्या आणि ती ढलपी शेगडीत टाकून मोकळ्या झाल्या.

अर्थ मला भराभर पाठ झाले. पहिलंच अक्षर गुराढोरांचं, म्हणजे संपत्तीचं. ते गोधनवाल्यांना समजावून सांगायला नको. फुलीसारखं एक होतं ते दानाचं, देणं आणि घेणं दोन्हीचं. नुसती एक उभी रेघ म्हणजे बर्फ. अर्थ, थांब. इंग्रजी 'आर'सारखं दिसायचं ते प्रवासाचं. 'एच'सारखं, पण मधली रेघ तिरपी, ते गारांचं. उभ्या रेघेवर एक आखूड तिरपी रेघ म्हणजे गरज, ज्याच्यावाचून अडतं ते. आणि एक होतं घराचं. वरती कोनावर उभा चौकोन, खाली दोन पाय. त्याच्यापुढे बाईंच्या नवऱ्याने तीन ओळी खर्ची घातल्या होत्या. वाडवडिलांकडून आलेलं, सहसा न विकायचं, माणूस जिथला म्हणवतो ते.

"आमच्याकडे याला एकच शब्द आहे," मी म्हटलं. "वतन."

बाईंनी तो दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडी त्याचं 'वाटन' झालं, आणि मला उगाचच ओल्या खोबऱ्याचा वास आला.

रविवारचा क्रम ठरलेला. बाई पिशवीत हात घालायच्या, एक चकती काढायच्या, क्षणभर अंगठ्याखाली धरायच्या आणि पांढऱ्या कापडावर माझ्यासमोर ठेवायच्या. असं तीनदा. होऊन गेलं ते, चाललंय ते, येणार ते. चकती सरळ आली तर वहीतला अर्थ, उलटी आली तर त्याच्या विरुद्ध. अंगठ्याखाली धरण्याचा तो क्षण मला विधीचाच भाग वाटायचा. आपल्याकडे अक्षता टाकण्याआधी मूठ मिटतो, तसलं काहीतरी.

प्रश्न त्या कधी मोठ्याने विचारायच्या नाहीत. पण प्रश्न एकच आहे हे मला महिन्याभरात कळलं. त्यांची मुलगी नेल्सनला राहायची. दर शनिवारी दुपारी ती फोन करायची आणि तेच सांगायची, आता एकटीने राहणं पुरे, माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी चांगलं रेस्ट होम आहे, तिथे ये. बाई "बघू" म्हणून फोन ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी निघायची. राहू की जाऊ, एवढंच त्या त्या चकत्यांना विचारत होत्या.

आणि मला त्या राहायला हव्या होत्या. आडपडदा कशाला ठेवू? न्यूझीलंडमध्ये आल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा पाहुणी नव्हते. फाटकाची कडी वाजली की आतून माओरी नमस्कारासकट "किया ओरा! बूट काढू नकोस!" अशी आरोळी यायची. लायब्ररीतून परत येईपर्यंत माझ्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असायची. वेलदोड्यांचा पाव भाजला की कडेचा, जास्त करपलेला तुकडा माझा, कारण मला तो आवडतो हे त्यांच्या लक्षात होतं. मी पोहे केले की त्या ताटलीवर वाकून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "यात हळद जास्त पडलीय आज." बरोबर असायचं. मला टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, विकत घ्यायला लावून त्यांनी मला पोहायलासुद्धा शिकवलं, काठावरून, फक्त पाण्याच्या आवाजावरून. "डावा पाय झोपलाय तुझा!" सगळा तलाव वळून बघायचा. मला अजून कधी कधी त्या घराच्या लांबट पॅसेजची, तिथल्या ओल्या लोकरीच्या वासाची इतकी आठवण येते की फ्लॅट बुशातलं हे ऐसपैस, उबदार घर परकं वाटतं.

तर पहिलं खोटं. मी राहायला गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या रविवारी 'येणार ते' या जागी गारांचं अक्षर आलं. वहीत लिहिलं होतं, गारा, अचानक येणारा नाश, आपल्या हातात नसलेलं संकट. त्याखाली बारीक अक्षरात, गार शेवटी वितळून पाणी होते. मी तोंड उघडलं, पण पहिली ओळ मला वाचवेना. रविवारची सकाळ, चहाचा कप, समोर ब्याऐंशी वर्षांची बाई, आणि मी म्हणू, नाश? मी फक्त खालची ओळ वाचली. "गारा. त्या वितळून पाणी होतात. म्हणजे चांगलंच." बाईंनी खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती खूश. "बरं केलंस. शुभ बोलावं माणसाने."

मार्चमध्ये, म्हणजे तिथल्या पानगळीच्या सुरुवातीला, बाईंची मुलगी नेल्सनहून येऊन दोन दिवस राहून गेली. वाईट नव्हती हो ती. दमलेली होती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बटणाला तिने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, पायरीला कठडा बसवून घेतला आणि निघताना आईच्या गळ्यात पडून रडली. पुढच्या रविवारी तिसरी चकती घराची आली. उलटी. चौकोन खाली, पाय वर. वहीत स्पष्ट लिहिलं होतं, उलटं आल्यास घर सुटणं, मुळं उपटणं.

माझा अंगठा आपसूक पुढे झाला आणि मी चकती फिरवून सरळ केली. लाकडाचा कापडावर जरासुद्धा आवाज झाला नाही. "घर," मी म्हटलं. "वतन. सरळ आलंय."

"सरळ?" बाईंनी विचारलं.

"सरळ."

त्या दिवशी त्यांनी दुसरा कप चहा घेतला आणि जुन्या वादळाच्या, झाडाच्या, नवऱ्याच्या गोष्टी सांगत बसल्या. मला वाटलं, एका बोटाच्या हालचालीने मी केवढं पुण्याचं काम केलं.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, त्यांचा हात भाजला. स्वयंपाकाच्या विजेच्या चुलीचं बटण बंद आहे असं समजून त्यांनी डावा तळवा तिच्या तापलेल्या प्लेटवर टेकवला. मी युनिव्हर्सिटीत होते. परत आले तर फाटकाची कडी वाजूनही आतून आरोळी आली नाही. बाई सिंकपाशी उभ्या होत्या, हात गार पाण्याच्या धारेखाली, बाही कोपरापर्यंत भिजलेली. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. "काही झालेलं नाही," म्हणाल्या. तळव्याची सालं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन त्यांना न जाता मला आला. "तू रोज बघतेस. मला खरं सांग. तिथे ती सुरक्षित आहे का?"

"मी आहे ना," मी म्हटलं. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतंच, आणि आम्हा दोघींनाही ते कळलं.

आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल. तिने आधी हात किती भाजलाय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "अगं, बांगडी वाढवली म्हणतो आपण. पण काचा गोळा करतोच ना? का त्या तशाच ठेवून अनवाणी फिरतो?"

येत्या रविवारी जे येईल ते जसंच्या तसं वाचायचं, असं मी ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. रविवार आला, बाईंनी पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर ठेवला, उजव्या हाताने चकती काढली, अंगठ्याखाली धरली, समोर ठेवली. नुसती एक उभी रेघ. बर्फ. थांब. इथे पुरे. शेगडी धडधडत होती, खिडकीच्या काचेवर दव होतं, आणि ओव्हनमध्ये माझा करपलेला तुकडा तयार होत होता.

"सूर्य," मी म्हटलं.

"सूर्य? ऐन थंडीत?" बाई हसल्या. "ठीक आहे. येत असेल सावकाश."

त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. पहिल्यांदा मी एक ओळ गाळली होती, दुसऱ्यांदा चकती फिरवली होती. या वेळी सरळसरळ दुसरंच अक्षर सांगितलं. शुभ-अशुभाचा त्यात काही संबंध नव्हता. मला माझं घर सोडायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना त्यांच्या घरात डांबून ठेवत होते.

आणि मग नोव्हेंबरमध्ये मलाच ऑकलंडला नोकरी लागली.

आयटी कंपनी, चांगलं काम, व्हिसाचा प्रश्न सुटणार. फोन बुधवारी आला. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी मूग गिळून बसले. बाईंना आवडते म्हणून मुगाची खिचडी केली, पेपर अर्ध्या तासाऐवजी तासभर वाचला, न सांगता खिडक्या पुसल्या. वर्षभर ज्यांना राहा, राहा म्हणून वाचून दाखवलं, त्यांना आता मी जाते म्हणून कसं सांगायचं? 'येते' म्हणायची तर सोयच नव्हती.

रविवारी चहा झाल्यावर बाईंनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "आज तुझ्यासाठी काढते. एकच."

हात आत गेला. चकत्या बराच वेळ खुळखुळल्या. एक बाहेर आली. अंगठा तिच्यावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. मग त्यांनी ती कापडावर ठेवलीच नाही. तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली.

"प्रवास," बाई म्हणाल्या. "आणि सरळ आलाय. निघ तू."

मी पाहिलं. 'आर'सारखं त्यात काही नव्हतं. उभी रेघ, वर एक आखूड तिरपी रेघ. गरज. ज्याच्यावाचून अडतं ते.

त्या चकत्या त्यांच्या नवऱ्याने चाकूने खोल कोरल्या होत्या. चाचपून कळेल इतक्या खोल. एका अंगठ्याने त्यांना ते अक्षर कळलं होतं, आणि त्यांनी मला दुसरंच सांगितलं होतं. मग एकेक रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेला. गारा, उलटं घर, ऐन थंडीतला सूर्य. माझे कान गरम झाले.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला कळत होतं?"

"डोळे गेलेत माझे," त्या म्हणाल्या. "अंगठा नाही गेला."

"मग मला का वाचायला लावत होतात?"

"अक्षर कुठलं आहे ते मला माहीत असायचं. तू काय वाचतेस ते ऐकायचं असायचं." त्यांनी मान खिडकीकडे वळवली, म्हणजे नीट माझ्याकडे बघितलं. "मुलगी म्हणते ये. डॉक्टर म्हणतात जा. सगळा देश मला जा म्हणत होता. रविवारी सकाळी एक मुलगी बसून राहा म्हणायची. कोणाला नको असेल ते?"

मी रडायला लागले. त्यांच्या हाताचं बोलायचं होतं, भाजलेल्या तळव्याचं, म्हणून मी त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनाच कळलं. "हात माझा होता आणि राहायचं मीच ठरवलं होतं," त्या तलावाच्या काठावरच्या आवाजात म्हणाल्या. "सगळं स्वतःवर ओढून घेऊ नकोस. आणि या घराच्या भिंती लाकडी आहेत. बुधवारी पॅसेजमध्ये तू चौदा वेळा थँक यू म्हणालीस."

मग त्यांनी खुर्चीमागून एक मोठं पाकीट काढलं. शुक्रवारच्या टपालाने नेल्सनहून आलं होतं. मी ते हॉलमध्ये पाहिलं होतं आणि वाचून दाखवायचं मुद्दाम विसरले होते.

"हे वाच," बाई म्हणाल्या. "जसं आहे तसं. एक शब्द इकडचा तिकडे नको."

रेस्ट होमचा फॉर्म होता, सात पानांचा. मी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. खोलीत स्वतःची एक खुर्ची आणि एक लहान कपाट आणता येईल. शेगडी चालणार नाही. ओव्हन नाही. बाहेर जाताना वहीत नोंद करावी. मी हळूहळू, प्रत्येक शब्द वाचत गेले. बाई मध्येच "हं" म्हणायच्या. ओव्हन नाही, याच्यावर जरा जास्त वेळ थांबल्या. शेगडीत एक लाकूड फुटलं.

सहाव्या पानावर ते आलं. इंग्रजीत ते वाक्य अगदी साधं होतं. निवासी व्यक्तीचा मृत्यू झाल्यास कोणाला कळवावं. आयुष्यात मी घरातल्या माणसासमोर तो शब्द उच्चारला नव्हता. आजोबा गेले तेव्हासुद्धा आमच्याकडे ते 'गेले'च होते. मी तो शब्द मोठ्याने, स्पष्ट वाचला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "नीट ऐकू आलं नाही, किटली वाजत होती."

मी पुन्हा वाचला.

त्याखाली दोन नावांची जागा होती. पहिलं मुलीचं. ते लिहून मी फोन नंबर टाकला.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

बाईंनी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, जसं मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं. मी ते तिथे लिहिलं. पुढे पत्ता विचारला होता. ऑकलंडचा पत्ता मला अजून मिळायचा होता, आणि बाईंच्या या घराचा आता फार दिवस चालणार नव्हता, म्हणून ती ओळ मी मोकळी सोडली, आणि मोकळी सोडलीय असं बाईंना सांगितलं.